हवा गेली म्हणजे काय होतें?

साताऱ्याच्या एस. टी. स्टँडवर गाडी येऊन थांबली म्हणजे तिच्या पोटाखालून 'फुस्स' असा आवाज येतो. चाक पंक्चर झालें असें समजून लहान मुलें खालीं वाकून पाहतात. वस्तुतः तो ब्रेकच्या कामीं लावलेली दाबाची हवा सुटल्याचा आवाज होय. हीच हवा हौशी लोक उडवितात त्या छोट्या जेट विमानांतहि राबते, व वर्गांतील मुलांनीं त्यांविषयीं वारंवार विचारल्यावरून हा पाठ आम्ही लिहीत आहों.

रेडिओच्या लहरींनीं जमिनीवरून चालविलेलें असें विमान दहा-पंधरा किलो वजनाचेंहि असतें. आकाशांत गेल्यावर त्याचीं चाकें पोटांत मिटतात व उतरण्यापूर्वीं बाहेर येतात. पुष्कळ विमानांत हें काम एका लहानशा टाकींतील हवा करिते. टाकी पंपानें आधींच भरून ठेवितात. दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें ७ किलो. चालविणारानें कळ फिरविली कीं झडप सरकते, हवा बारीक नळींतून सिलिंडरांत शिरते व दट्ट्या ढकलला जातो. दट्ट्याचा व्यास १ सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ सुमारें ०.७९ चौरस सेंटिमीटर, म्हणजे जोर साडेपांच किलो! करंगळीएवढ्या सिलिंडरास हा थोडका नव्हे. ब्रेक त्याहून साधा. कित्येक विमानांत चाकाच्या तुंब्यांत रबराचें कडें असतें. हवा भरली कीं तें फुगून तुंब्यास आंतून घासतें.

परंतु नळी निसटली आणि हवा गेली, तर?

पुणें-मिरज लोहमार्गावरील आदर्कीचा घाट ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना ह्या प्रश्नाचें गांभीर्य सांगावयास नको. जॉर्ज वेस्टिंगहाउस ह्या अमेरिकन गृहस्थानें १८६९ सालीं काढलेल्या पहिल्या ब्रेकांत इंजिनाकडून हवा आली तरच ब्रेक लागे. चढावर डबे सुटून मागें घसरूं लागले, तर नळी तुटलेली व ब्रेकहि गेलेला! १८७२ सालीं त्यानें सर्व रचनाच उलटविली. प्रत्येक डब्याखालीं हवेची निराळी टाकी ठेवली, मुख्य नळींत दाब कायम राखला, आणि तो उतरला कीं टाकींतील हवेनें ब्रेक लागावा अशी झडप बसविली. आतां नळी तुटणें हाच थांबण्याचा हुकूम झाला. मोठ्या बसगाड्यांतहि मागच्या चाकांशीं जबर स्प्रिंगा असतात. त्यांना हवा मागें रेटून धरिते, व दाब फार उतरला कीं त्या चाक पकडतात. म्हणूनच चालक सकाळीं कांटा वर चढेपर्यंत थांबून राहतो, आणि उतारू उगाच त्याच्यावर चिडतात.

मग विमानांतहि हवा जातांच ब्रेक लागावा, असें एका विद्यार्थ्यानें सुचविलें. उत्तर चुकलें, पण चूक विचार करून केलेली होती. चाकें जखडलेलीं असतांना विमान वेगानें जमिनीस टेकलें तर तें नाकावर उलथेल. गाडीला थांबण्यांत सुरक्षितता आहे. उतरणाऱ्या विमानाला चाकें मोकळीं फिरण्यांत आहे. म्हणून तेथें हवा गेली तर ब्रेक सुटाच राहूं देतात; विमान फार तर पुढें गवतांत जाईल. चाकें मात्र बाहेर आलींच पाहिजेत, नाहींतर तें पोटावर घासत उतरेल. यासाठीं कांहीं विमानांत हवा फक्त चाकें मिटविते आणि स्प्रिंग तीं उघडते. ही योजना आम्हांस आवडते. तथापि हवेनेंच स्प्रिंग दाबावयाची असल्यामुळें ती हवेहून दुबळी ठेवावी लागते, व समोरच्या वाऱ्यापुढें कधीं अपुरी पडते. दुसरी योजना विजेच्या झडपेची: दाब ठराविक मर्यादेखालीं गेला कीं उरलेल्या हवेनें ती चाकें तत्काळ बाहेर काढिते. ब्रेक लावण्यांत ही हवा खर्चूं नये म्हणून ब्रेकची टाकी बहुधा वेगळी ठेवितात.

टाकी गळते कीं नाहीं हें पाहतांना एक फसगत होते. सायकलचा पंप मारतांना तो हातास गरम लागतो, हें सर्वांस ठाऊक आहे. तशीच नुकती भरलेली हवाहि ऊन असते. ती निवली कीं कांटा थोडा उतरतो, आणि नवशिका नसलेलें भोंक शोधीत बसतो. टाकी निवूं द्यावी, पुन्हा भरून घ्यावी, व पुन्हा निवल्यावर कांटा टिपून रात्रभर ठेवावी. सकाळीं गारवा तितकाच असून कांटा खालीं आला असेल, तर सांधे साबणाच्या पाण्यानें पुसावे. जेथें बुडबुडे येतील तेथें गळती.