पथ्य सुटलं तरी गोळी सोडू नका

दिवाळी आठवड्यावर आली की दवाखान्यात एक वाक्य रोज कानावर येतं. "डॉक्टर, आता चार दिवस पथ्य काही होणार नाही. गोळ्या दिवाळी झाल्यावरच सुरू करते." बोलणाऱ्याला यात काही वावगं वाटत नाही. पथ्य आणि औषध जोडीनं चालतं, एक मोडलं की दुसऱ्याचा काय उपयोग, असा तो हिशेब. सिडकोतल्या शिकलेल्या घरातही तो चालतो आणि सिल्लोडकडच्या खेड्यातही. वाचकहो, हा हिशेब साफ चुकीचा आहे.

ज्या दिवशी करंजी, अनारसे आणि गुलमंडीवरची इमरती पोटात जाते, त्या दिवशी साखरेच्या गोळीची गरज जास्त असते. चिवडा-शेव-चकलीतलं मीठ बीपी वाढवतं, मग बीपीची गोळी नेमकी त्याच दिवशी कशी बंद करता? "बीपी वाढलं की मला कळतं," असं सांगणारे खूप भेटतात. बहुतेकांना ते कळत नाही, आणि धोका तिथेच आहे. हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या काही गोळ्या अचानक थांबवल्या की बीपी उसळून वर जातं. स्टेंट बसवलेल्यांनी रक्त पातळ करणारी गोळी मनानं थांबवली तर स्टेंटमध्ये गाठ होऊ शकते. फिटच्या गोळ्या चुकल्या आणि त्यात जागरण झालं, तर फिट येण्याचा धोका वाढतो.

उलटी चूक करणारेही आहेत. दोन लाडू जास्त खाल्ले म्हणून गोळी दुप्पट! मग घर आवरण्याच्या नादात जेवायला तीन वाजतात आणि साखर एकदम खाली येते. दरदरून घाम, थरथर, धडधड, भांबावल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर पुन्हा द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. आणि मोबाइलवर फिरणारी मेथी-जांभूळ-कारल्याची पावडर गोळीची जागा घेऊ शकत नाही, हे मी दरवर्षी सांगतो, याही वर्षी सांगतो.

साठीचे एक निवृत्त शिक्षक दिवाळीला गावी गेले. बीपीच्या गोळ्यांचं पाकीट इथे फ्रिजवरच राहिलं. मेडिकल तालुक्याला; सणासुदीत कोण जाणार, म्हणून राहून गेलं. भाऊबीजेच्या सकाळी तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. घरच्यांना वाटलं, जागरण झालंय, झोपू द्या. दुपारी कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांना लकव्यावर कबुतराचं रक्त चोळणाऱ्याकडे नेलं. शहरात आणेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं. सर आता काठी घेऊन चालतात, पण उजव्या हातानं खडू धरता येत नाही. त्या भोंदूला दिलेल्या वेळेची किंमत त्यांनी अशी मोजली.

म्हणून ही लक्षणं पाठ करा. तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोबडी वळणं. छातीत दाब, तो जबड्याकडे किंवा हाताकडे सरकणं, सोबत घाम आणि दम लागणं. मधुमेहींना आणि बायकांना कधी कधी छातीत दुखतही नाही. नुसती मळमळ आणि विलक्षण थकवा असतो. फराळाचं पित्त समजून सोडा पीत वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. ऐन लक्ष्मीपूजनालाही घाटी रुग्णालयाचा अपघात विभाग चोवीस तास उघडा असतो.

सणाचा ताण हा मनाचा खेळ नव्हे. स्वीडनमध्ये १९९८ ते २०१३ या काळातल्या पावणेतीन लाखांहून अधिक हार्ट अटॅकच्या नोंदी तपासल्या, तेव्हा नाताळच्या आदल्या दिवशी हे प्रमाण ३७ टक्क्यांनी जास्त आढळलं, आणि तेही रात्री दहाच्या सुमारास सर्वाधिक. पंचाहत्तरीपुढचे, मधुमेही आणि हृदयरोगी यांना धोका अधिक होता. आपल्याकडे तर बोनसची वाट, उसनवारी, पाहुण्यांची ये-जा आणि वर पहाटेचं अभ्यंगस्नान. यात सर्वांत जास्त झिजते ती घरातली बाई. रात्री बारापर्यंत चकल्या तळते, पहाटे चारला उठते आणि "सगळ्यांचं होऊ दे, मग घेते" म्हणत सकाळची गोळी दुपारी घेते. ताई, आधी तुमची गोळी, मग सगळ्यांचा चहा. दोन पदार्थ विकत आणले म्हणून लक्ष्मी रुसत नाही. झोप मात्र सहा-सात तास हवीच.

घाबरून सण सोडा असं मी म्हणत नाही. एक करंजी खा, चवीनं खा आणि खाल्ल्याचा अपराध मनात ठेवू नका. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चाला. दहा दिवसांच्या जादा गोळ्या आजच आणून ठेवा. प्रवासात त्या डिकीतल्या बॅगेत न टाकता चिठ्ठीसह जवळच्या पिशवीत ठेवा. इन्सुलिन फ्रीझरमध्ये ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. एखादी गोळी चुकलीच, तर पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नका.

आणि पुण्या-मुंबईहून घरी येणाऱ्या मुलामुलींनो, आईवडिलांना "गोळ्या घेता ना?" असं नुसतं विचारू नका, ते "हो"च म्हणतील. पाकीट हातात घ्या, उरलेल्या गोळ्या मोजा. हिशेब जुळला नाही तर त्याच संध्याकाळी, फटाके आणायला बाहेर पडाल तेव्हा आधी मेडिकलमध्ये जा.