'तांबडा' ह्या शब्दाचें कूळ

ठाणें, कल्याण, डोंबिवली ह्या शहरांत 'लाल' हा शब्द अधिक ऐकूं येतो, आणि 'तांबडा' हा शब्द कित्येकांस गांवढळ वाटतो. हें मत कितपत खरें आहे, तें पाहूं.

'लाल' हा शब्द फारसींतून आला. तेथें त्याचा अर्थ माणिक असा आहे. 'तांबडा' हा मात्र संस्कृत 'ताम्र' ह्यापासून, प्राकृत 'तंब' ह्या वाटेनें आपल्या घरीं आला. 'ताम्र' हें प्रथम रंगाचेंच नांव होतें. यजुर्वेदांत रुद्रास सूर्यरूपानें वर्णितांना हें विशेषण लाविलें आहे. पुढें त्या रंगाच्या धातूसहि तेंच नांव पडलें. मराठींत त्याचें 'तांबें' झालें, व त्यास 'डा' लागून पुन्हा रंगाचें नांव झालें.

भांडीं घडविणारा तांबट, त्याच्या हातोडीसारखा टुकटुक आवाज करणारा तांबट पक्षी, देशावर गव्हास लागणारा तांबेरा, हे सारे ह्याच कुळांतले. पहांटेस आपण 'तांबडें फुटलें' म्हणतों. मात्र कोंकणची माती तांब्यामुळें नव्हे, तर लोखंडाच्या गंजामुळें तांबडी दिसते, हें ध्यानांत असावें.

ह्या धातूचा आपल्या प्रांताशीं संबंधहि जुना आहे. सहाव्या शतकांत अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस ह्यानें लिहून ठेविलें कीं, कल्लियाना बंदरांतून तांबें-पितळ, लांकूड व कापड बाहेर जाई, आणि तेथें इराणांतून नेमलेला बिशप होता. हें बंदर म्हणजे आपलें कल्याण, असें बहुतेक इतिहासकार मानितात.

आपल्या मराठी शास्त्रांतहि समुद्र 'तांबडा'च आहे. एसावानें मसुरीच्या ज्या तांबड्या कालवणापायीं ज्येष्ठपणाचा हक्क विकिला, त्यावरून त्यास 'अदोम' हें नांव पडलें; इब्री भाषेंत त्याचा अर्थ 'तांबडा' असाच आहे. हा धडा शिकवितांना उपदेशक बंधूंनीं गांवचा शब्द उच्चारण्यास लाजूं नये. 'लाल' हा शब्द वाईट नाहीं. परंतु जी आजीबाई जन्मभर 'तांबडें फुटलें' म्हणत आली, तिला 'तांबडा' म्हणतांच तो रंग डोळ्यांपुढें दिसतो. शब्द जुना आहे, व ऐकणाराचा आहे. मग तो कां टाकावा?

वर्गासाठीं प्रश्न: (१) आपल्या गांवीं 'तांबडा' ह्या कुळांतले आणखी कोणते शब्द चालतात? (२) धातु किंवा फळ ह्यांवरून पडलेलीं रंगांचीं दुसरीं तीन नांवें सांगा.