राजावर कोण? (शांतिपर्व, राजधर्म)



आजच्या वाचनात युधिष्ठिर शरशय्येवरच्या भीष्मांना एक अगदी साधा प्रश्न विचारतो. राजालाही दोनच हात, तशीच मान, तसंच पोट. सुखदुःखही आपल्यासारखंच. मग एकटा माणूस इतक्यांवर राज्य कसं काय करतो?

भीष्म सांगतात, आधी राजा नव्हता, राज्य नव्हतं, दंडही नव्हता. लोक धर्मानेच एकमेकांना सांभाळत. मग मोह आला, त्यामागून लोभ. घडी विस्कटली, तेव्हा राजा लागला.

याच प्रश्नावर थॉमस हॉब्जने १६५१ साली ‘लेव्हायथन’ लिहिलं. इंग्लंडने यादवी पाहिली होती, १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला होता. त्याच्या मते सत्तेच्या आधी असते फक्त भीती. भीती आपल्याकडेही आहे बरं का! पुढे ६७व्या अध्यायात मोठा मासा लहानाला खातो तोच दृष्टांत येतो.

खरा फरक पुढे आहे. हॉब्ज म्हणतो, सत्ता नसेल तर कायदा नाही, म्हणून अन्यायही नाही. करार लोकांचा आपापसात. राजा त्यात पक्षकारच नाही, मग त्याने करार मोडला असं म्हणणार कसं? (टर्म्स अँड कंडिशन्स युजरला, अ‍ॅडमिनला नाहीत!) भीष्मांकडे धर्म आधी, राजा नंतर. अधर्मी वेनाला ऋषी मारतात आणि पृथूला गादीआधी शपथ घ्यावी लागते.

पण ‘पश्चिमेकडे हक्क, आपल्याकडे कर्तव्य’ हा व्हॉट्सॲपवरचा हिशोब मला पटत नाही. विश्वासघात करणारी सत्ता लोक काढून घेऊ शकतात, हे लॉकने १६८९ मध्येच मांडलं. अनुशासनपर्व तर म्हणतं, रक्षण न करता लुटणाऱ्या राजाला प्रजेने एकत्र येऊन मारावं. मधलं काहीच नाही. राजा चुकतोय हे ठरवायचं कुणी, कुठल्या सभेत, हे मला तिथे सापडत नाही.

आणि हे सांगतंय कोण? भीष्म! द्यूतसभेत द्रौपदीने नेमका धर्माचाच प्रश्न विचारला, तेव्हा धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून त्यांनी निर्णय टाळला. गादीवर धृतराष्ट्र होता, धर्म त्याच्याही वर होता, ज्ञानही समोरच बसलं होतं. उघड बोलले ते विदुर, आणि दुर्योधनाचाच भाऊ विकर्ण. त्यालाही कर्णाने पोरगा म्हणून गप्प केलं.

उद्याचं वाचन : सभापर्व, विकर्णाचं बोलणं. जय हरी!