शेजाऱ्याविषयींचें ऐकीव मत
(साप्ताहिक पाठ. वाचावयाचा भाग: योहान 1:43–51)



मृगाच्या पेरणीपूर्वीं आपल्या परभणी जिल्ह्यांतील जाणता शेतकरी घरच्या सोयाबीनची परीक्षा करितो. तो 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवितो, आणि आठवड्याभरानें किती उगवले हें पाहून मगच पेरणीचें ठरवितो. कोणी कांहीं म्हटलें म्हणून तो बियाणें उकिरड्यावर टाकीत नाहीं. जी परीक्षा आपण दाण्याची करितों, ती माणसाची करितों काय?

नथनेल हा कपटी मनुष्य नव्हता. प्रभूनेंच त्याविषयीं तशी साक्ष दिली. तरी येशू नासरेथाचा आहे एवढें कानीं पडतांच, त्या गांवांतून कांहीं चांगलें निघेल हें त्यास खरें वाटेना. याच शुभवर्तमानाच्या 21 व्या अध्यायावरून कळतें कीं, तो स्वतः गालीलांतील काना गांवचा होता. म्हणजे नासरेथ त्याच्या शेजारचेंच. यावरून दोन गोष्टी शिकावयाच्या. चांगल्या मनुष्याच्या मनांतहि वाईट मत घर करूं शकतें. आणि तुच्छता बहुधा दूरच्यांविषयीं नसते, शेजाऱ्याविषयींच असते.

असें मत बनतें कसें? घरांत मोठीं माणसें बोलतात, तें मूल ऐकतें. पुढें त्या जातीच्या किंवा वस्तीच्या एकानें चूक केली, कीं ऐकलेलें खरें ठरलें असें आपणांस वाटतें. दहांनीं प्रामाणिकपणें काम केलें, तर तें लक्षांतहि राहत नाहीं. आपला माणूस चुकला तर वेळ वाईट होती असें म्हणतों. परका चुकला तर त्याचें रक्तच तसें असें म्हणतों. साक्ष ऐकण्यापूर्वींच निकाल लागलेला असतो.

असा निकाल एकदां कायदाच होऊन बसला. 1871 सालीं इंग्रज सरकारनें कांहीं जमातींस जन्मतःच गुन्हेगार धरणारा कायदा केला, व 1911 च्या कायद्यानें तो मुंबई इलाख्यासहि लागू झाला. कैकाडी, भामटे, पारधी अशा लोकांचीं नांवें पोलिसांच्या वहींत चढलीं, हजेरी लागली. सोलापुरास तर तारेच्या कुंपणांत कुटुंबेंच्या कुटुंबें ठेवण्यांत आलीं. ज्याच्यावर असा शिक्का, त्यास काम कोण देणार? आणि काम न मिळून एखाद्यानें चोरी केली, कीं तीच चोरी शिक्क्याचा पुरावा ठरे. तरी त्याच वसाहतींतील पुष्कळ लोकांनीं सोलापूरच्या गिरण्यांत घाम गाळून पोट भरलें. 1952 सालीं स्वतंत्र भारतानें हा कायदा रद्द केला. आपला जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत होता; परंतु मतास सरहद्द नसते, आणि कायदा गेला म्हणून मत जात नाहीं. आजहि गांवांत चोरी झाली, कीं बोट प्रथम पारध्यांच्या पालाकडे वळतें.

आपल्यापैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांस वेशीबाहेर राहावें लागलें. ज्यांनीं हा अन्याय सोसला, त्यांनींच तो पुढें चालवावा काय? उद्यां एखादें पारधी कुटुंब उपासनेस आलें, आणि त्याच आठवड्यांत अर्पणाच्या पेटींतील पैसे कमी भरले, तर आपले डोळे प्रथम कोणाकडे वळतील? याचें उत्तर प्रत्येकानें देवासमोर द्यावें.

जुनें मत सुटत नाहीं, असें मात्र कोणीं म्हणूं नये. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 सालीं झाला. त्यानंतरहि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षें विटाळ पाळीत. पुढें स्वतः विचार करून त्यांनीं तो सोडला, आणि ही हकीकत ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत मोकळेपणानें लिहून ठेविली.

फिलिप्पानें नथनेलाशीं वाद घातला नाहीं. स्वतः येऊन पाहावें एवढेंच त्यास सुचविलें. नथनेल उठून गेला, म्हणून त्याचें मत बदललें. आणि ज्यानें आपल्या गांवास हिणविलें, त्याच्यांतील निष्कपटपणाच प्रभूनें सर्वांसमोर बोलून दाखविला. न्याय करणारानें हा कित्ता गिरवावा.

दोष करणारास दोषी म्हणूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. दोष कृत्यावरून ठरावा, जन्मावरून नव्हे. यास्तव मंडळींत कोणावर आळ आल्यास प्रथम विचारावें कीं, हें डोळ्यांनीं कोणीं पाहिलें? मग ज्यावर आळ आहे त्याचें म्हणणें त्याच्याच तोंडून ऐकावें. आणि आळ येण्याची वाट न पाहतां, ज्याच्याविषयीं आपण केवळ ऐकलें आहे त्याच्या दारीं जाऊन बसावें व त्याच्या घरचें पाणी प्यावें.

उपदेशकांनीं मंडळीस विचारावयाचे प्रश्न:

1. नथनेलाचें मत कशानें बदललें?
2. आपल्या गांवांत कोणत्या वस्तीविषयीं आपलें मत केवळ ऐकीव आहे?
3. या आठवड्यांत तेथें कोणाच्या घरीं आपण जाणार?