"बाई, माझी उंची कमी कशी झाली?" : एकक, मिती आणि मापनातील त्रुटी



मापन हा घटक आपण अगदी पहिलीपासून शिकवतो. आधी वीत, पाऊल, हात. मग सेंटिमीटर, मीटर. पुढे हेच मूल मोठ्या वर्गात जातं आणि भौतिकशास्त्राच्या पहिल्याच धड्यात त्याला एकके, मिती आणि मापनातील त्रुटी भेटतात. बहुतेक मुलं तो धडा पाठ करतात आणि सोडून देतात. खरं तर त्या धड्याची पायाभरणी आपल्या प्राथमिक वर्गातच होते. ती कशी, हे मी आज एका प्रसंगातून सांगणार आहे. प्रसंग माझ्याच वर्गातला आहे आणि त्यात चुकले मीच, हे आधीच कबूल करते.

काय घडलं?

जूनमध्ये चौथीच्या मुलांची उंची आणि वजन घेऊन कार्डावर लिहिलं होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर नोव्हेंबरमध्ये पुन्हा घेतलं. माहिती त्याच दिवशी द्यायची होती, त्यामुळे माझी घाई चालली होती. तेवढ्यात एक मुलगी कार्ड घेऊन टेबलाजवळ आली.

"बाई, जूनमध्ये माझी उंची १३१ होती. आता १२९.५ कशी झाली? मी लहान होतेय का?"

मी म्हटलं, "अगं, लिहिताना चुकलं असेल." आणि १२९.५ वर रेघ मारून माझ्या मनाने १३२ लिहून टाकलं. नऊ वर्षांचं मूल पाच महिन्यांत वाढणारच, मग आकडाही वाढलेलाच हवा, एवढाच विचार केला.

ती गेली. दोन मिनिटांत आणखी दोघे आले. "बाई, आमची पण वाढवून द्या ना."

"वाढवून द्या." हे शब्द मला लागले. उंची मोजायची असते, ती बाईंनी द्यायची नसते. पण मी नुकतंच त्यांना उलटं शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात सरळ सांगितलं, "कालचा १३२ हा आकडा मी मोजलेला नव्हता. आज आपण सगळे मिळून खरी उंची शोधू." मग दोन तास गणित आणि परिसर अभ्यास बाजूला राहिले. खरं म्हणजे दोन्ही विषय त्यातच झाले.

पहिली पायरी : संख्या आणि एकक

आधी सगळ्यांची कार्डं पाहिली. काही मुलांनी घरी मोजून आणलेली उंचीही लिहिली होती. एकाने १२८ लिहिलं होतं, एकाने १.२९ आणि एकाने ४.३. मी विचारलं, "यात सर्वात उंच कोण?" एक जण लगेच म्हणाला, "१२८ वाला!"

इथे मुलांना एक सूत्र सांगावं : माप = संख्या × एकक. नुसती संख्या म्हणजे अर्धवट उत्तर. १.२९ मीटर आणि १२९ सेंटिमीटर ही एकच उंची आहे. एकक जितकं लहान, संख्या तितकी मोठी.

४.३ ची गंमत वेगळीच निघाली. घरी बाबांनी ४ फूट ३ इंच मोजले होते आणि मुलाने मध्ये टिंब देऊन लिहिलं. आता बघा, ४ फूट ३ इंच म्हणजे ५१ इंच, म्हणजे सुमारे १२९.५ सेमी. पण ४.३ फूट म्हणजे ५१.६ इंच, सुमारे १३१.१ सेमी. एका टिंबाने दीड सेंटिमीटर वाढला! फुटात दहा नव्हे, बारा इंच असतात, म्हणून हे टिंब चालत नाही. पालकांनो, घरी उंची लिहिताना हे जरूर लक्षात ठेवा.

प्रमाणित एकक का लागतं, हे मुलांना वीत घालून लगेच कळतं. माझ्या टेबलाची लांबी कोणाच्या सात विती भरली, कोणाच्या नऊ. ज्यात बदल होणार नाही असं माप सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं. आज मीटरची व्याख्या प्रकाशावरून करतात : निर्वात पोकळीत प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढं अंतर कापतो, तो एक मीटर. ही व्याख्या १९८३ पासून आहे. किलोग्रॅम मात्र पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या धातूच्या ठोकळ्यावरून ठरत होता. २० मे २०१९ पासून तोही निसर्गातल्या एका स्थिरांकाशी, प्लँकच्या स्थिरांकाशी, जोडला गेला. चौथीच्या मुलांना हे सगळं सांगायची गरज नाही, पण आपल्याला माहीत असावं.

दुसरी पायरी : चूक वेगळी, त्रुटी वेगळी

१२९ ऐवजी १९२ लिहिलं तर ती चूक. लक्ष दिलं तर ती टळते. पण कितीही काळजी घेतली तरी मोजलेली किंमत आणि खरी किंमत यांत थोडा फरक राहतोच. या फरकाला मापनातील त्रुटी म्हणतात. त्रुटी असणं ही लाजेची गोष्ट नाही. ती लपवणं मात्र वाईट.

मग आम्ही भिंतीजवळ गेलो. सुट्टीत वर्गाला रंग दिला होता आणि उंचीची पट्टी नंतर मीच परत चिकटवली होती. एका मुलाने कंपासपेटीतली पट्टी जमिनीला टेकवून उभी धरली आणि ओरडला, "बाई, शून्य वर आहे!" खरंच, पट्टीचा शून्य जमिनीपासून २ सेंटिमीटर वर होता. म्हणजे प्रत्येकाची उंची २ सेमी कमी दिसत होती. हीच शून्य त्रुटी. वजनकाट्यावर कोणी उभं नसताना काटा शून्यावर नसेल, तर तीसुद्धा हीच.

नोव्हेंबरचं वाचन १२९.५, त्यात २ मिळवले की १३१.५ सेमी.

आणि जूनचे १३१? तिलाच विचारलं. ती म्हणाली, "तेव्हा बूट घालून उभी होते." बुटाची टाच मोजली, ती २ सेमी भरली. म्हणजे जूनची उंची साधारण १२९. मूल लहान झालंच नव्हतं, साधारण अडीच सेंटिमीटर वाढलं होतं! फक्त एकदा आम्ही जास्त मोजलं आणि एकदा कमी.

आणखी एक त्रुटी माझ्यामुळे होत होती. मी उभी राहून, वरून खाली बघत वाचन घेत होते. डोळा डोक्याच्या पातळीत नसेल तर नजर तिरकी जाते आणि भिंतीवरचा आकडा कमी वाचला जातो. याला पॅरॅलॅक्समुळे येणारी त्रुटी म्हणतात. उपाय सोपा आहे : डोक्यावर पुठ्ठ्याच्या बांधणीची वही आडवी ठेवायची, तिची कड भिंतीला काटकोनात टेकवायची आणि आपण खाली वाकून समोरून वाचायचं.

तिसरी पायरी : पाच वेळा मोजूया

पट्टी नीट लावली. मुलीचे बूट काढले, टाचा भिंतीला टेकवल्या. पाच मुलांनी आळीपाळीने तिची उंची मोजली. एकाने दुसऱ्याचा आकडा बघायचा नाही, ही अट.

वाचनं आली (सेमी) : १३१.२, १३१.९, १३०.८, १३१.६, १३२.०

लगेच भांडण सुरू. "माझं बरोबर!" मी विचारलं, "कुणी चूक केली का?" कुणीच नाही. केस दबले किती, मान सरळ किती, वही आडवी किती, यामुळे वाचन थोडं इकडे-तिकडे होतं. ही यादृच्छिक त्रुटी. तिच्यावर उपाय सरासरी.

बेरीज ६५७.५, भागिले ५, सरासरी १३१.५ सेमी.

आता प्रत्येक वाचन सरासरीपासून किती दूर? ०.३, ०.४, ०.७, ०.१, ०.५. यांची बेरीज २.०, सरासरी ०.४. ही झाली सरासरी निरपेक्ष त्रुटी. म्हणून उंची लिहायची अशी : १३१.५ ± ०.४ सेमी. शेकडा त्रुटी काढली तर ०.४ ÷ १३१.५ × १००, म्हणजे सुमारे ०.३ टक्के. हीच ०.४ सेमीची त्रुटी ८ सेमीच्या पेन्सिलीत झाली असती तर ५ टक्के! त्रुटी मोठी की लहान, हे आपण काय मोजतो आहोत त्यावर ठरतं.

इथे एक मुद्दा पक्का करा. पट्टीच दोन सेंटिमीटर वर असती, तर पाच नव्हे, पन्नास वेळा मोजून सरासरी काढली तरी उत्तर दोनने कमीच आलं असतं. सरासरीने यादृच्छिक त्रुटी कमी होते, शून्य त्रुटी जात नाही. ती शोधूनच काढावी लागते.

चौथी पायरी : मिती

मिती म्हणजे एखादी राशी कोणत्या मूलभूत राशींपासून आणि कशी बनली आहे, ते. लांबी, वस्तुमान आणि काळ या तीन घेतल्या तरी प्राथमिकचं काम भागतं. क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले लांबी. चाल म्हणजे लांबी भागिले काळ.

मुलं "वर्गाचं क्षेत्रफळ ४२ मीटर" असं लिहितात. आपण लाल पेनने "चौरस" लिहून पुढे जातो. त्याऐवजी विचारावं, "४२ मीटर दोरी आणून वर्गाची फरशी झाकता येईल का?" मुलं हसतात आणि त्यांना कळतं. शेतकरी घरातल्या मुलांना गुंठा विचारा. ३३ फूट म्हणजे गुंठा नव्हे, ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट म्हणजे गुंठा.

आता आमच्या कार्डाकडे परत येऊ. उंची आणि वजनावरून बीएमआय काढतात : किलोग्रॅममधलं वस्तुमान भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. त्या मुलीचं वजन २७ किलो.

उंची १.३१५ मीटर घेतली तर बीएमआय १५.६.
पट्टी वर असताना आलेली १.२९५ मीटर घेतली तर १६.१.

उंचीत दीड टक्क्याची त्रुटी आणि उत्तरात तीन टक्क्यांची! कारण उंचीची मिती इथे दोनदा आली आहे, वर्ग आहे ना. आणि कोणी मीटरऐवजी सेंटिमीटर टाकले तर उत्तर दहा हजार पटींनी लहान येईल. मुलांचा बीएमआय वय आणि लिंग यांप्रमाणे पाहायचा असतो, मोठ्यांच्या तक्त्यावरून नाही, हेही लक्षात असू द्या. त्या कार्डावरून कोणीतरी मुलाच्या पोषणाबद्दल मत बनवणार असतं. मी मनाने लिहिलेला १३२ तिथेच जाऊन बसला असता.

एकक विसरलं तर काय होतं?

मुलांना ही खरी गोष्ट जरूर सांगा. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एअर कॅनडाचं बोइंग ७६७ विमान माँट्रियलहून एडमंटनला निघालं होतं. इंधन दाखवणारी यंत्रणा बंद होती, म्हणून टाकीतलं इंधन मोजून हिशेब केला. इंधन मोजलं लिटरमध्ये, हवं होतं किलोग्रॅममध्ये : २२,३०० किलो. एका लिटरचं वस्तुमान सुमारे ०.८ किलो धरायला हवं होतं. हिशेबात धरलं १.७७. हा आकडा पौंडांचा होता, किलोचा नव्हे! त्यामुळे निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान उडालं. सुमारे ४१,००० फुटांवर असताना इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते अवजड विमान तरंगत आणून गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. सगळे वाचले.

गुणाकार-भागाकार बरोबर होता. फक्त आकड्यापुढचं एकक कोणी पाहिलं नाही.

वर्गात आणि घरी करण्यासाठी

१. उंची मोजण्याआधी पट्टीचा शून्य जमिनीला आहे का, वजनकाटा रिकामा असताना शून्यावर आहे का, हे एका मुलाला तपासायला लावा. हे काम मुलांना फार आवडतं.

२. उंची दरवेळी एकाच वेळेला, बूट काढून मोजा. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि उंची संध्याकाळपर्यंत साधारण सेंटिमीटरभर कमी भरू शकते.

३. एकच वस्तू पाच मुलांना मोजायला द्या. वेगळी उत्तरं आली म्हणून गुण कापू नका. "फरक का आला?" हे विचारा.

४. पट्टीचं टोक झिजलेलं असेल तर १ सेमीपासून मोजायला आणि शेवटी १ वजा करायला शिकवा.

५. पालकांसाठी : औषधाचं सिरप घरातल्या चमच्याने देऊ नका. प्रत्येक घरचा चमचा वेगळा असतो. बाटलीसोबत येणारं मिलिलिटरच्या खुणांचं माप वापरा, ते सपाट जागी ठेवा आणि डोळा खुणेच्या पातळीत आणून वाचा.

शेवटी

कार्डावरच्या १३२ वर मी एक सरळ रेघ मारली, खोडलं नाही. शेजारी १३१.५ लिहिलं आणि सही केली. ती मुलगी बघत होती. म्हणाली, "बाई, जूनच्या १३१ वर पण लिहा ना, बूट घालून." मी लिहिलं.

आकडा मनासारखा आला नाही तर आकडा बदलायचा नाही, मोजणं तपासायचं. मला वाटतं, मापनाच्या धड्यातून मुलांनी एवढं जरी घेतलं तरी पुढचं भौतिकशास्त्र त्यांना जड जाणार नाही. आणि आपल्यालाही हे अधूनमधून आठवायला हवं.

तुमच्या वर्गातल्या उंचीच्या पट्टीचा शून्य उद्या एकदा तपासून बघा.