गोणपाटावरचे शंभर दाणे

मृगाला चार दिवस उरले होते. संग्रामपूरला मामांच्या ओसरीवर एक ओलं गोणपाट गुंडाळून, दोरीने बांधून सावलीत ठेवलेलं होतं. मामी सहा दिवसांपासून सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी शिंपडत होती. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते. कोणता कोड फुकट द्यायचा, कोणता परवान्याखाली ठेवायचा, यावरचे वाद माझ्या रोजच्या जेवणाच्या डब्याइतके ओळखीचे. त्या दिवशी मामांनी दोरी सोडली, गोणपाट उलगडलं, आणि तोच वाद मला सोयाबीनच्या कोंबांत दिसला. मामांची वऱ्हाडी इथे मी थोडी सरळ करून लिहिली आहे.

मी: मामा, कृषी केंद्रात सीलबंद बॅगा मिळतात. मग एवढी खटपट कशाला?

मामा: बॅगेचा खर्च वाचतो, हे एक. दुसरं म्हणजे हे बी मला ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी फुले संगमची एकच बॅग आणली होती. राहुरी विद्यापीठाचं वाण, सांगलीकडच्या कसबे डिग्रजच्या केंद्रात तयार झालेलं. तेव्हापासून घरचंच पेरतो. हे बघ, ओळीत दहा, अशा दहा ओळी. शंभरातले सत्तर उगवले की बी पेरायच्या लायकीचं. कमी उगवले तर एकरी बी वाढवायचं, फारच कमी असले तर बाजाराची वाट धरायची.

मी: पण वाण विद्यापीठाने शोधलं. तुम्ही त्याची नक्कल करून वापरता. आमच्याकडे याला चोरी म्हणणारे पुष्कळ भेटतील.

मामा: नक्कल मी नाही केली, सोयाबीनचा धर्मच तो. एक दाणा पेरला की त्याच्यासारखे शंभर येतात. आणि कायदा माझ्या बाजूने आहे. 2001 साली संसदेने पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा केला. त्यातलं कलम 39 बघ. वाण नोंदलेलं असो, त्यावर कुणाचा हक्क असो, शेतकरी आपल्या पिकातलं बी ठेवू शकतो, पेरू शकतो, पुन्हा पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, बदलून घेऊ शकतो, विकूसुद्धा शकतो. फक्त पिशवीवर त्या वाणाचं नाव छापून ब्रँड म्हणून विकायचं नाही. वाण काढणाऱ्यालाही हक्क आहे. शेतपिकांसाठी पंधरा वर्षं. दोघांना एकाच कायद्यात बसवणारे देश जगात फार थोडे.

मी: कागदावर ठीक आहे. एखादी मोठी कंपनी अंगावर आली तर?

मामा: आलीच होती. 2019 साली गुजरातेत पेप्सिकोने बटाट्याच्या वाणासाठी शेतकऱ्यांवर दावे लावले. चौघांवर तर प्रत्येकी एक कोटीच्या वर. देशभर ओरड झाली, लोक कलम 39 घेऊन उभे राहिले, आणि कंपनीने दावे मागे घेतले. त्या वाणाची नोंदणी 2021 मध्ये रद्द झाली, पुढे 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. म्हणजे कंपनीचा हक्क राहिला, आणि शेतकऱ्याचाही. पण त्या चौघांपैकी एखाद्याने घाबरून आधीच सही करून दिली असती तर? हक्क माहीत नसला की तो असून नसल्यासारखा.

मामा पहिल्या ओळीतले कोंब मोजायला लागले. जाड, पांढरे, सरळ मूळ असलेला एक. वाकडा, तपकिरी टोकाचा दुसरा. वाकडे ते बाजूला काढत होते. सोयाबीनचं टरफल इतकं पातळ असतं की पोतं उंचावरून आपटलं तरी आतला कोंब मरतो, असं मामी म्हणाली. म्हणून घरचं बी ती स्वतः उचलून ठेवते, हमालाला हात लावू देत नाही.

मी: मग कपाशीचं बी का ठेवत नाही? घरात सरकी तर ढीगभर असते.

मामा: इथंच कुलूप आहे, बाई. आपण लावतो ती संकरित कपाशी. दोन वेगळ्या वाणांचं फुलाफुलाला हाताने लग्न लावून ते बी तयार करतात. पहिल्या पिढीला जोर असतो. तीच सरकी पुढच्या वर्षी लावली की पोरं वेगवेगळी निघतात. कुणी आईवर, कुणी आज्यावर. झाड एकसारखं राहत नाही. व्यापारी पातळीवरचा जगातला पहिला कापूस संकर आपल्याच देशात झाला, 1970 मध्ये, सुरतेला, सी. टी. पटेलांच्या हातून. एच-4. मोठं काम होतं ते. पण त्याच संकराने दरवर्षी दुकानाची पायरी चढायला लावली.

मी: म्हणजे चालणारा प्रोग्रॅम मिळतो, पण त्याचा सोर्स कोड नाही. वापरा, दुरुस्त करू नका, वाटू नका.

मामा: तुझ्या भाषेत तसंच. आणि हे कुलूप लावायला वकील लागत नाही, न्यायालय लागत नाही. निसर्गच पहारा देतो. म्हणून 2002 साली बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक आलं, तेव्हा ते कंपन्यांनी संकरात घातलं. अमेरिकेत, चीनमध्ये, ऑस्ट्रेलियात बीटी कपाशी बहुतेक सरळ वाणांत आहे. आपल्याकडे ती संकरात अडकली.

मी: पण पेटंटही होतं ना?

मामा: त्यात एक कामाची गोष्ट आहे. पहिलं जनुक क्राय-वन-एसी. त्याचं पेटंट भारतात नव्हतंच. पेटंट देशादेशाचं वेगळं असतं, अमेरिकेतलं इथं चालत नाही. 2006 मध्ये बोलगार्ड-दोन आलं, त्यातल्या दुसऱ्या जनुकाचं पेटंट मोन्सॅन्टोकडे होतं. पण पेटंट असो नसो, संकरात घातल्यावर पैसे घेता येतात. सुरुवातीला 450 ग्रॅमच्या पाकिटामागे 1,250 रुपये नुसतं जनुकाचं शुल्क होतं. आंध्र सरकार भांडलं, तेव्हा 2006 मध्ये अख्खं पाकीटच साडेसातशेवर आलं. पुढे केंद्राने भाव ठरवायला घेतले; शुल्क 49, मग 39, मग 20, आणि 2020 मध्ये शून्य.

मी: आणि न्यायालय काय म्हणालं? जनुक कुणाचं?

मामा: शेवटचं उत्तर मिळालंच नाही. आपला पेटंट कायदा कलम 3(जे) मध्ये सांगतो की झाड, बी, वाण हे शोध नव्हेत. 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच आधारावर मोन्सॅन्टोचं पेटंट फेटाळलं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून पुरावे तपासा म्हणून खटला परत पाठवला. तोवर वीस वर्षांची मुदत भरत आली, आणि 2021 मध्ये खटला लढणाऱ्या दोन्ही कंपन्यांनी आपसात मिटवलं. देशभरच्या शेतकऱ्यांचा प्रश्न होता, आणि तो दोघांच्या तडजोडीत गेला. मला त्याचं फार वाईट वाटतं.

मी: मग सरकारी संस्थांनी सरळ वाणात बीटी घालून का दिलं नाही? पेटंट नव्हतंच तर.

गोणपाटावर वाकलेले मामा सरळ होऊन बसले. हा प्रश्न त्यांना कुणी फारसा विचारत नसावा.

मामा: दिलं होतं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठाने मिळून बिकानेरी नरमा बीटी काढलं. सरळ वाण, सरकी ठेवा आणि पुढच्या वर्षी लावा. 2009 मध्ये बाजारात आलं आणि त्याच वर्षी मागे घ्यावं लागलं. तपासात त्यात मोन्सॅन्टोचंच जनुक मिसळलेलं निघालं. चौकशी समिती बसली, बदनामी झाली. एक मोकळं बी हाती आलं आणि प्रयोगशाळेतल्या हलगर्जीपणात गेलं. पुढे सरळ बीटी वाणं निघाली, अकोल्याच्या पीकेव्ही 081 वरचंसुद्धा. पण तोवर कितीतरी हंगाम गेले, दुकानं संकराने भरली, आणि सरकी ठेवायची सवयच तुटली.

मी: फक्त सवय तुटली, की आणखी काही?

मामा: बोंडअळी. 2017 आठवते? गुलाबी अळीने सगळ्या विदर्भाची कपाशी पोखरली. केशव क्रांती यांच्यासारख्या कापूस शास्त्रज्ञांनी एक मुद्दा मांडलाय, तो नीट समजून घे. गुलाबी अळी बोंडात शिरून सरकी खाते. सरळ वाणात प्रत्येक सरकीत विष असतं. संकराच्या झाडावर मात्र बोंडातली सरकी म्हणजे पुढची पिढी. जनुक एकाच पालकाकडून आलं असेल तर चारातल्या एका सरकीत विष नसतंच. अळीला एकाच बोंडात विषारी दाणा आणि गोड दाणा शेजारी मिळतो. थोडं विष पचवत पचवत ती तयार होते. त्यात संकर लांब मुदतीचे, डिसेंबर-जानेवारीपर्यंत वावरात उभे. कुलूप कंपनीने आपल्या पैशासाठी लावलं, आणि फायदा अळीला झाला.

मी थोडा वेळ गप्प राहिले. आमच्या धंद्यात 1983 पासून मोकळ्या सॉफ्टवेअरचे पुरस्कर्ते रिचर्ड स्टॉलमन सांगत आले की, ज्याला प्रोग्रॅम उघडून बघता येत नाही त्याला तो दुरुस्तही करता येत नाही. ते मी वाचलं होतं. बोंडातल्या सरकीत ते असं दिसेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

मी: मग सगळंच मोकळं करावं का? जो शोधतो त्याला काहीच नको?

मामा: तसं नाही म्हणत मी. दादाजी खोब्रागडेंचं नाव ऐकलंय? चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेडचा माणूस. जमीन थोडकी. 1983 मध्ये पटेल-3 धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या निवडून, पुन्हा पेरून, पुन्हा निवडून वर्षानुवर्षं त्यांनी एक बारीक तांदूळ तयार केला. एचएमटी घड्याळाचं नाव त्याला पडलं. बी त्यांनी गावोगाव वाटलं. आज देशभर लोक एचएमटी तांदूळ खातात. 1998 मध्ये आपल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने पीकेव्ही एचएमटी म्हणून वाण बाहेर काढलं. आपल्याकडून नेलेलं बी, आणि त्यावर आपलं नाव नाही, ही तक्रार दादाजींनी शेवटपर्यंत केली. 2018 च्या जूनमध्ये ते गेले. उपचाराचे पैसे जमवताना घरच्यांचे हाल झाले.

मी: म्हणजे फुकट दिलं म्हणून नाव पुसलं गेलं.

मामा: म्हणून म्हणतो, मोकळं देणं वेगळं आणि बेवारस टाकणं वेगळं. 2001 च्या कायद्यात शेतकऱ्यालाही स्वतःचं वाण नोंदवता येतं, फी न भरता. दादाजींच्या निवडीच्या वेळी तो कायदा नव्हता.

मी: अमेरिकेत 2014 पासून काही वाणपैदासकार बियाण्यासोबत एक वचन देतात. हे बी कुणीही वापरा, सुधारा. पण यातून जे काढाल त्यावर कुलूप लावू नका. आमच्या मोकळ्या सॉफ्टवेअरचा परवाना जसा असतो, तसंच. देणाऱ्याचं नाव राहतं आणि वाट बंद होत नाही.

मामा: हे आपल्या विद्यापीठांनी करायला पाहिजे. पैसा लोकांचा, वाण लोकांचं.

मी: आणि चोर बीटी, परवानगीशिवाय विकलं जाणारं बी? तेही मोकळंच झालं की.

मामा: नाही. तेल्हाऱ्याच्या पलीकडे, अकोट तालुक्यात अकोली जहाँगीरला 10 जून 2019 रोजी शेतकरी संघटनेने तणनाशक-सहनशील कपाशी उघडपणे लावली. सरकारची परवानगी नव्हती. तेव्हाच्या पर्यावरण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती. संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांची तंत्रज्ञान स्वातंत्र्याची मागणी त्यामागे होती, आणि निंदणाला बाया मिळत नाहीत तेव्हा ती मागणी मला पटते. पण मागच्या दाराने येणाऱ्या पाकिटावर ना कंपनी, ना बिल. उगवलं नाही तर कुणाकडे जाशील? 2001 च्या कायद्यात आहे की नोंदलेलं वाण सांगितल्यासारखं वागलं नाही तर भरपाई मागता येते. बिलाशिवाय काय मागशील? आमच्याच घरी एक हंगाम असा बुडाला आहे. जून संपता संपता दुबार पेरणी, पाकीट देणारा फोन उचलेना.

मामी आतून म्हणाली, त्या वर्षी पोळ्याला बैलाला झूल घेतली नव्हती.

मी: आता पुढे जनुक-संपादन येतंय. 2022 मध्ये केंद्राने त्यातले काही प्रकार जीएमच्या कडक नियमांतून सोडले. 2025 च्या मे महिन्यात भाताची दोन वाणं जाहीर झाली. वाण सरकारी संस्थांचं, पण जनुक कापायची कात्री परदेशी संस्थांच्या पेटंटमध्ये.

मामा: मग आजच विचारायला हवं की ते बी शेतकऱ्याच्या हाती पडताना कोणत्या अटींवर पडेल. भात आपलं आपण फळतं, त्याचं बी ठेवता येतं. कपाशीच्या वेळी आपण विचारलं नाही. पाकीट उघडलं आणि पेरलं.

शेवटची ओळ मोजून झाली. शंभरात एकोणऐंशी. मामांनी पोत्यावरचा जुना कागद काढला आणि मला पेन दिलं. मी लिहिलं: फुले संगम, घरचं, तिसरं वर्ष, मळ्याचं वावर, उगवण 79. खाली मामांनी विद्यापीठाचं नाव लिहायला सांगितलं, आणि त्याखाली मामीचं, कारण बी तिने राखलं होतं. मग शेजारच्या काकांसाठी दहा किलो वेगळं काढलं. त्यांनाही तसाच कागद लिहून दिला.