हिशेबाच्या तक्त्यावरील खेळ

संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावयाचे, हे सांगणाऱ्या आज्ञांच्या मालिकेस आज्ञावली म्हणतात. ती रचण्यास शिकावयाचे तर खास साधनेच हवीत, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. १९८७ साली निघालेले हायपरकार्ड हे माहितीची कार्डे एकमेकांस जोडण्याचे साधन होते. त्याच्याच साहाय्याने रँड व रॉबिन मिलर या बंधूंनी ‘मिस्ट’ हा १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला खेळ रचला.

हिशेबाची स्प्रेडशीट हेही असेच साधन होय. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांची ‘व्हिसिकॅल्क’ ही व्यक्तिगत संगणकावरील स्प्रेडशीट १९७९ साली विक्रीस आली. अशा तक्त्यावर गणितज्ञ जॉन कॉनवे यांचा, १९७० मध्ये प्रसिद्ध झालेला ‘जीवनाचा खेळ’ सहज मांडता येतो.

या खेळात प्रत्येक घर जिवंत (१) किंवा मृत (०) असते व त्यास आठ शेजारी असतात. दोन किंवा तीन शेजारी जिवंत असलेले जिवंत घर जगते. नेमके तीन शेजारी जिवंत असलेले मृत घर सजीव होते. बाकीची सर्व घरे पुढील पिढीत मृत असतात.

पहिल्या पानावर आरंभीचे आकडे भरावेत. कडेची घरे रिकामी ठेवावीत. दुसऱ्या पानावरील घरात पुढील सूत्र लिहावे: पहिल्या पानावर त्याच जागी असलेले घर व त्याचे आठ शेजारी यांची बेरीज करून तीतून मधले घर वजा करावे. उत्तर ३ आल्यास १ लिहावा, २ आल्यास मधल्या घराचा आकडा तसाच ठेवावा, एरवी ० लिहावे. हे एकच सूत्र कडा सोडून सर्व घरांत उतरविले म्हणजे त्यातील पत्ते आपोआप सरकतात. नंतर दुसऱ्या पानावरील केवळ आकडे पहिल्या पानावर उतरविले की पुढची पिढी तयार होते.

दोन पाने कशासाठी? एकाच पानावर सूत्र लिहिल्यास ते स्वतःच्याच उत्तरावर अवलंबून राहते व गणनेचे चक्र संपत नाही. जुनी स्थिती राखूनच नवी काढावी लागते, हा आज्ञावलीशास्त्रातील महत्त्वाचा धडा येथे मिळतो.

पडताळ्यासाठी एका आडव्या ओळीत लागोपाठ तीन घरे जिवंत करावीत. टोकांच्या घरांस एकच जिवंत शेजारी असल्याने ती मरतात, मधले जगते, त्याच्या वरचे व खालचे घर सजीव होते. आडवी ओळ उभी झाली व पुढील पिढीत पुन्हा आडवी झाली, तर सूत्र या कसोटीस उतरले. न झाल्यास विद्यार्थ्याने एकेका घराची बेरीज हाताने करून चूक शोधावी. चूक शोधण्याची ही सवयच या विद्येचा पाया आहे.